धावपट्टीमागचा वारा

गोंदियाला निघाले तेव्हा फलटणमध्ये जो तो विचारायचा, "तिकडं एवढं काय बघायचंय?" मी सांगून टाकायची, "भाताची शेतं." लोक हसायचे. खरं कारण चारचौघांत सांगण्यासारखं नव्हतं.

प्रमिलाचा फोन आला होता. नागपूरच्या नर्सिंग हॉस्टेलात आम्ही दोघी एका खोलीत राहिलो. पुढं मी इकडं पश्चिमेला नोकरी केली. ती गोंदिया जिल्ह्यात सासरी गेली आणि तिथल्याच सरकारी दवाखान्यात निवृत्त झाली. रडणारी बाई नव्हे ती. मेलेली माणसं झाकून पुढच्या खाटेकडं जाणारी. पण त्या दिवशी फोनवर तिचा आवाज फुटला.

"तू ये वं. यांचा एक डोळा मागच्या वर्षी गेलाच. यंदा दुसराबी घालवाले निघाले. माझं आयकत नाहीत. तुझं आयकतील, तू राखी पाठवतेस त्यायले."

गोष्ट अशी होती. तिच्या नवऱ्याचं, गोपाळभाऊंचं घराणं कोहळी. तलाव बांधणारे लोक. गावचा तलाव त्यांच्याच पूर्वजांनी बांधलेला. तलावाच्या बांधाला आपण पाळ म्हणतो, तिथं बोलण्यात 'पार' म्हणतात. दर हंगामाला नव्या धानाचं पहिलं सूप घरच्या कर्त्या पुरुषानं या पारावर उभं राहून उडवायचं, अशी त्यांची रीत. पाण्यावरून वारा येतो, भुसा बाजूला जातो, धान पायाशी पडतं. मग गावातले बाकीचे आपापलं धान उडवायला लागतात. पूर्वी ठीक होतं सगळं. पण आता जवळची हवाईपट्टी वाढत वाढत पाराच्या अगदी मागं येऊन ठेपली होती. मागच्या वर्षी भाऊंनी सूप उचललं आणि त्याच वेळी पट्टीवर एक मोठं जेट वळून उभं राहिलं, शेपटी पाराकडं करून. त्याच्या झोताबरोबर आलेला खड्याचा कपचा डोळ्यात घुसला. गावात मात्र भाऊंनी सांगितलं, भुसा गेला. प्रमिलालाही तसंच सांगायला लावलं.

गोंदिया

स्टेशनबाहेर आले आणि माझं मराठी पिशवीत ठेवावं लागलं. ऑटोवाला हिंदी, चहावाला हिंदी, पेरू विकणारी बाईसुद्धा हिंदी. बसस्टँडपर्यंत ऑटो केली तर ऑटोवाल्यानं विचारलं, "बहनजी, हवाईपट्टी देखने आई हो क्या? संडे को जाना. पीछे तलाव पे खड़े रहो, आदमी उड़ जाता है!"

हे त्यानं इतक्या आनंदानं सांगितलं की जागच्या जागी उतरावंसं वाटलं. वर सिग्नलला थांबल्यावर त्यानं मोबाईल काढून व्हिडिओ दाखवला. कुठल्या तरी परदेशी बेटावरचा समुद्रकिनारा. किनाऱ्याला लागून रस्ता, रस्त्याला लागून विमानतळाचं कुंपण. विमान उडायला उभं राहिलं की चड्डी-टोपीतली माणसं कुंपणाची जाळी धरून ओळीनं उभी राहतात. इंजिनाचा झोत आला की पाय जमिनीवरून सुटतात, टोप्या समुद्रात जातात, आणि सगळी खिदळतात. शेवटी एक बाई हात सुटून मागं भेलकांडत जाते, तिथंच व्हिडिओ संपतो.

"त्या बाईचं पुढं काय झालं?" मी विचारलं.

"पता नहीं. बीचवाला तो उधर है, अपना तलाववाला इधर!" तो म्हणाला आणि गिअर टाकला.

नर्सची नोकरी करून करून माझ्या जिभेला धार आलेली आहे. मी त्याला बसस्टँड येईपर्यंत फैलावर घेतलं. त्यानं मुकाट्यानं ऐकून घेतलं आणि उतरताना म्हणाला, "संडे को फोन करना, मैं ही ले जाऊँगा." काय बोलणार अशा माणसापुढं?

बोडीटोला

तिकडं छोट्या तलावाला बोडी म्हणतात, आणि एसटीच्या खिडकीतून जिकडं बघावं तिकडं बोड्या. आमच्याकडं पाणी म्हणजे कॅनॉल किंवा विहीर, आणि त्यावरून भांडणं. इथं शेताच्या टोकाला पाणी, घरामागं पाणी, पाण्यात पांढरे बगळे आणि गुडघाभर पाण्यात उभी असलेली माणसं. कापणी झालेली. रिकाम्या बांध्यांत, म्हणजे भातखाचरांत, धानाचे उंच पुंजणे रचून ठेवलेले. पुंजणे म्हणजे कापलेल्या धानाच्या गंजी. काही शेतांत धसकटांतच लाखोरी, एक प्रकारची डाळ, उगवून आली होती.

प्रमिला फाट्यावर उभी होती. केस पिकले होते, पण चाल तीच, वॉर्डात राउंडला निघाल्यासारखी. तिनं माझी पिशवी हिसकावून घेतली आणि चालता चालताच म्हणाली, "आधी जेव. मग बोल त्यायच्यासंग."

जेवायला भात. रात्रीही भात, दुसऱ्या दिवशी सकाळीही भाताचंच काहीतरी. लाखोरीच्या डाळीचे वडे, तलावातले झिंगे घालून केलेली वांग्याची भाजी आणि वर भाताची वाफ. मी भाकरीवर वाढलेली. पहिल्या घासाला वाटलं, पोट भरेल का? तिसऱ्यांदा भात मागून घेतला तेव्हा प्रमिलाची सासू बोळक्या तोंडानं हसली. "पोरगी जेवली बाप्पा," म्हणाली. साठीच्या बाईला पोरगी म्हणणारं कोणी उरलं आहे, याचं बरं वाटलं.

गोपाळभाऊ समोर बसून जेवत होते. उंच, शिडशिडीत, डोळ्यावर काळा चष्मा. घरातसुद्धा चष्मा. पाण्याचा तांब्या उचलताना हात आधी थोडा बाजूला गेला, मग तांब्यावर आला. माझ्या ते लक्षात आलं आणि माझ्या लक्षात आलं हे त्यांनीही ओळखलं.

"नागपूरच्या ऑपरेशनपासून एकदाबी मले पाहू दिला नाही तो डोळा," प्रमिला स्वयंपाकघरात मला म्हणाली. "मी तीस वर्सं लोकायचे डोळे धुतले. घरचा माणूस मले पाठ करून औषध घालते."

पारावर

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ मला तलाव दाखवायला घेऊन गेले. थंडी चांगली झोंबत होती. पार म्हणजे भक्कम काम आहे. पाण्याच्या बाजूनं दगड बसवलेले, गावाच्या बाजूनं मातीचा उतार आणि त्यावर मोहाची जुनी झाडं. पाण्याच्या पलीकडं शेतं आणि आणखी बोड्या. या तलावाबद्दल बोलताना माणूस उजळून निघाला. पाणी सोडायचा जुना दरवाजा कुठं आहे, कोणत्या वर्षाच्या पुरात पार कुठं फुटला आणि सगळ्या गावानं रात्रीत कसा भरला, असं सगळं.

पाराच्या एका टोकाला वळलो आणि मी थबकले. पाराला खेटून तारेचं कुंपण, आणि कुंपणापलीकडं लगेच काळी गुळगुळीत धावपट्टी. अंगणातून ओटा दिसावा इतक्या जवळ. कुंपणावर लाल पाटी होती. तिच्यावर विमान काढलेलं आणि विमानामागं उडून पडणारा माणूस. पाटीच्या खिळ्याला कोणीतरी रिकामी पिशवी अडकवून ठेवली होती. शेजारी भुईमुगाच्या शेंगांच्या टरफलांचा ढीग, प्लास्टिकचे कप.

"रविवारी लोकं येते ना," भाऊ म्हणाले. "गोंदियावाले, बालाघाटवाले. टिकाराम चहा-भजे विकते. आमचा शेजारी. पोरीचं लगन यावरच काढलं त्यानं."

"आणि तुम्ही लोक इथंच धान उडवता?"

"आता तर मुद्दाम उडवतो. तिकडून विमानाची हवा आली का सूपच्या सूप साफ होते. लाइन राहत नाही, पंखा चालत नाही. फुकटची हवा आहे, काऊन सोडाची?"

मी त्यांच्याकडं बघतच राहिले. शहरातली येडी येतात ती निदान पाठ करून उभी राहतात, डोळे मिटून घेतात. या लोकांचं तसं नाही. जन्मभर वाऱ्याशी खेळलेली ही माणसं. धान उडवणारा वाऱ्याला अंग तिरकं देतो आणि डोळे उघडे ठेवून पडत्या धारेवर नजर ठेवतो. भुसा कुठं चाललाय, धान कुठं पडतंय, हे बघितल्याशिवाय सूप हलवताच येत नाही. म्हणजे त्या झोतापुढं उघड्या डोळ्यांनी उभं राहणारा सबंध मुलखात कोण असेल, तर तो धान उडवणारा.

"भाऊ, वारा वेगळा आणि ते वेगळं. त्यात दगड येतात. तुम्हाला सांगायची गरज आहे का?"

ते मग पाराच्या दगडावर बसले.

"सोमवारी पहिलं सूप आहे," ते म्हणाले. "माझ्या बापानं इथंच उडवलं, त्याच्या बापानं इथंच उडवलं."

"मग गावाला खरं का सांगत नाही? इथं उद्या दुसऱ्या कुणाचा डोळा जाईल."

"काय सांगू ताई?" त्यांनी काळा चष्मा नाकावर घट्ट बसवला. "पार बांधणाऱ्याच्या घरचा माणूस. त्याले आपल्याच पारावर वाऱ्यानं पाडलं, हे कोन्त्या तोंडानं सांगू? भुसा गेला म्हटलं का कोणी हसत नाही. भुसा सगळ्यायलेच जाते."

मी खूप बोलले. रागावले, हातापाया पडले, राखीची शपथ घातली. ते ऐकत होते आणि पाण्याकडं बघत होते. शेवटी एवढंच म्हणाले, "रीत आहे ताई. मी नाही उडवलं तर कोणीच सुरू नाही करणार." आम्ही परत आलो. प्रमिलानं दारातूनच माझं तोंड बघितलं आणि चूल पेटवायला आत गेली.

रविवार

आमच्याकडं सडावाघापूरला उलटा धबधबा बघायला लोक जातात. वाऱ्यानं पाणी वर उडतं आणि माणसं भिजून किंचाळतात. तसंच काहीसं असेल अशी माझी समजूत होती. पण पारावर मोटरसायकली आणि जीपगाड्यांची जी रांग लागली होती, ती बघून मी हबकले. बाया नटूनथटून आलेल्या. पोरांच्या हातात पिपाण्या. टिकारामच्या कढईत भजी तळून निघत होती. कुंपणाच्या आतून पहारेकरी शिट्टी फुंकून फुंकून सगळ्यांना मागं व्हायला सांगत होता. त्याला लोक हात हलवून दाखवत होते.

प्रमिला आणि मी मोहाच्या झाडाखाली उभ्या होतो. भाऊ टिकारामजवळ होते. आमच्यापुढं एक पन्नाशीचे गृहस्थ बायकोला घेऊन आले, गोंदियाचे दुकानदार असावेत. बायको बिचारी नको नको म्हणत होती. "अरे, हवा ही तो है! जाली पकड़ के रखो," असं म्हणून त्यांनी तिला कुंपणापाशी उभं केलं आणि स्वतः मोबाईल धरून मागं आले.

मी ओरडले, "ओ, त्यांना मागं घ्या!" तेवढ्यात जेट वळलं.

आवाज आधी पोटात गेला. मग उष्ण, रॉकेलच्या वासाचा मारा. मी झाडाच्या बुंध्यामागं तोंड घातलं तरी मानेवर आणि दंडावर कोणीतरी मूठ मूठ वाळू फेकून मारत आहे असं वाटलं. टिकारामच्या कढईखालचे निखारे उडाले. टोप्या, ओढण्या, कागदाच्या पुड्या, सगळं तलावात. लोक किंचाळत होते, पण ते हसणं होतं की भीती, हे कळायला मार्ग नव्हता.

विमान निघून गेलं आणि एकदम शांत झालं. ती बाई जाळीपाशी नव्हती. पाण्याच्या बाजूच्या दगडांवर पडली होती. डोक्याखाली रक्त.

नोकरी सुटली तरी हात विसरत नाहीत. प्रमिला आणि मी धावलो. तिनं मान धरली, मी पदर फाडून कपाळ बांधलं. बाईचा हात कोपरापाशी भलत्याच दिशेला वळला होता. नवरा शेजारी उभा राहून एकच घोकत होता, "हवा ही तो थी. हवा ही तो थी." त्याच्या हातातला मोबाईल अजून चालू होता. तो मी काढून घेतला आणि त्याच्या खिशात कोंबला. त्याला शिव्या देणार होते, पण त्याचा चेहरा बघून त्याला बायकोपाशी खाली बसवलं.

कोणाच्या तरी जीपमध्ये घालून तिला गोंदियाला पाठवलं. मी वळले तर भाऊ मागं उभे होते. त्या दगडावरच्या रक्ताकडं बघत. प्रमिला रक्तानं भरलेले हात घेऊन त्यांच्यापुढं गेली.

"सांगा ना आता," ती म्हणाली. "सगळे आहेत इथं. सांगा."

भाऊंनी चष्मा नाकावर घट्ट बसवला आणि पाण्याकडं तोंड फिरवलं. प्रमिला तशीच तलावाच्या पाण्यात उतरली आणि हात धुवायला लागली. तिचे खांदे हलत होते. मला गोपाळभाऊंचा इतका राग कधी आला नव्हता.

संध्याकाळी जेवताना ते एकच वाक्य बोलले, "उद्या सूप पाराखाली उडवाचं." प्रमिलाची सासू चकित झाली. प्रमिलानं मान वर केली नाही.

सोमवार

सकाळी निरोप आला, ती बाई शुद्धीवर आहे. जिवाची भीती नाही, हाताचं ऑपरेशन करावं लागेल. प्रमिलानं देवापुढं दिवा लावला आणि आम्ही सगळे निघालो.

पाराच्या पायथ्याशी, गावाच्या बाजूला, शेणानं सारवलेली जागा होती. गाव जमलं होतं. सगळ्यांची नजर वर पाराकडं जात होती आणि परत खाली येत होती. टिकाराम पुढं आला.

"गोपाळभाऊ, एक बाई पडली म्हणून पार सोडता काय? तिले उभं राहाची अक्कल नव्हती. आपल्याले वारा समजते. तुमाले तर भुसाच लागला होता."

भाऊंनी सूप भरून घेतलं. उचललं. हलवलं. आणि धान आणि भुसा दोन्ही सरळ पायाशी पडले. पाराच्या आडोशाला वाराच नव्हता. पानसुद्धा हलत नव्हतं.

कोणीतरी हसलं. म्हाताऱ्या सासूनं काय केलं, घरून आणलेली जुनी चादर सोडली आणि तिचं एक टोक माझ्या हातात दिलं. "वारा पडला का आमी असंच करत होतो," म्हणाली. दुसरं टोक प्रमिलानं धरलं. दोघींनी चादर वर-खाली झुलवायला सुरुवात केली. मला जमत नव्हतं, प्रमिला खेकसली, "दम लावून मार वं!" तिसऱ्या-चौथ्या फेरीला लय सापडली. चादरीचा वारा सुटला. भाऊंनी अंग तिरकं केलं, चष्मा काढून खिशात ठेवला, कारण त्यातून धार नीट दिसत नव्हती, आणि सूप हलवलं. धान पायाशी, भुसा बाजूला. फार लांब गेला नाही, आमच्याच केसांवर आणि अंगावर बसला. पण गेला.

सूप अर्धं झालं असेल, नसेल. भाऊ एकदम थांबले. हात चांगल्या डोळ्यावर गेला.

चादर आमच्या हातातून गळाली. माझेच डोळे भरून आले. प्रमिला त्यांच्यापर्यंत कशी पोचली ते कळलं नाही. तिनं त्यांचा हात बाजूला केला आणि बोटांनी पापणी उचलली. पदराचं टोक जिभेवर ओलं करून तिनं अलगद डोळ्याच्या कोपऱ्याला लावलं, आणि फुंकर घातली.

"उघडा," ती म्हणाली.

भाऊंनी डोळा उघडला. लाल झाला होता, पाणी येत होतं. ते तिच्याकडं बघत राहिले. दुसरा डोळा, पांढरा पडलेला, टाक्यांची खूण असलेला, तोही तिच्यासमोर उघडा होता. तो त्यांनी झाकला नाही.

प्रमिलानं बोट पुढं केलं. बोटाच्या टोकावर धानाचं एक बारीकसं टरफल होतं.

भाऊंनी तिचं मनगट धरलं आणि ते बोट टिकारामपुढं नेलं, मग त्याच्यामागं उभ्या असलेल्या लोकांपुढं.

"हा भुसा आहे," ते म्हणाले. आवाज घोगरा झाला होता, पण शेवटच्या माणसापर्यंत ऐकू गेला. "भुसा असा असते. फुंकला का जाते. माझ्या या डोळ्यात भुसा नव्हता. वर पारावर, त्या विमानाच्या मागं, गिट्टी घुसली होती. मी खोटं बोललो."

कोणी हसलं नाही. टिकारामनं डोक्यावरचं फडकं काढून हातात घेतलं. त्याच्या बायकोनं आपल्या घरचं सूप आणलं होतं, ती ते घेऊन पाराची वाट सोडून खाली आमच्याजवळ येऊन उभी राहिली.

भाऊंनी उरलेलं धान परत सुपात घेतलं. चष्मा खिशातच राहिला.

"प्रमिला," ते म्हणाले, "चादर धर."